विश्लेषण : कुंपणच शेत खाते तेव्हा... ‘वॉचमेन’सारखे कॉमिक पडद्यावर आणणे इतके अवघड का?

मल्याळम ‘लोका : चॅप्टर १ – चंद्रा’ हा चित्रपट ऑगस्ट २०२५च्या अखेरीस प्रदर्शित झाला आणि जगभरातील त्याची कमाई ३०० कोटी रुपयांच्या घरात गेली. त्याआधी २०२१मध्ये ‘मिन्नल मुरली’ हा मल्याळम आणि २०२४मध्ये ‘हनुमान’ हा तेलुगू चित्रपट गाजला. महानायकाची गोष्ट सांगायला हॉलीवूडचे बजेट लागतेच असे नाही, एवढे यातून सिद्ध झाले. पण या तिन्ही चित्रपटांत प्रेक्षकाला एका गोष्टीची खात्री असते : ज्याच्या हातात शक्ती आहे तो मुळात आपला माणूस आहे. खरी अडचण सुरू होते ती महानायकावरच संशय घेणाऱ्या कथेपासून. अशा कथांचा मानदंड मानले जाते ते ‘वॉचमेन’ हे इंग्रजी कॉमिक. ते पडद्यावर यायला २०हून अधिक वर्षे लागली, आणि आले तेव्हा निम्मे प्रेक्षक भारावले, निम्मे वैतागले. ही अडचण तंत्राची आहे, पैशाची आहे की आणखी कशाची? आणि राखणदारांवरच प्रश्न विचारणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या वाचकाने त्याकडे कसे पाहावे?

‘वॉचमेन’ आहे तरी काय?

मराठीत ‘वॉचमन’ म्हटले की सोसायटीच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला, हातात शिट्टी आणि नोंदवही असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. या कॉमिकच्या नावातला वॉचमन तोच, फक्त आपल्याला कुणी नेमले नाही तरी राखण करणारा. लेखक अॅलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी डीसी कॉमिक्ससाठी ते १९८६ आणि १९८७ या काळात १२ भागांत काढले. रंग जॉन हिगिन्स यांचे. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००५मध्ये १९२३पासूनच्या १०० उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांची यादी केली, तेव्हा त्या यादीत हे चित्रमय पुस्तकही होते.

कथा १९८५च्या, पण वेगळ्याच वळणाने गेलेल्या अमेरिकेत घडते. तिथे व्हिएतनाम युद्ध अमेरिकेने जिंकले आहे आणि निक्सन अजूनही अध्यक्ष आहेत. मुखवटे घालून गुन्हेगारांना बडवणाऱ्यांवर १९७७च्या कायद्याने बंदी आली आहे. त्यातल्या एकाचा खून होतो आणि उरलेल्यांची उलटतपासणी सुरू होते. ही माणसे पोट सुटलेली, एकटी, काही विकृत, काही कट्टर. खरीखुरी अमानवी शक्ती एकालाच मिळाली आहे, त्या डॉ. मॅनहॅटनला, आणि त्याला माणसांत रस उरलेला नाही. सर्वांत हुशार नायक अणुयुद्ध टाळायचे म्हणून निम्मे न्यूयॉर्क मारून टाकतो. त्याला थांबवायला बाकीचे पोहोचतात तेव्हा त्याचे काम ३५ मिनिटांपूर्वीच उरकलेले असते.

आपल्याकडे याला नेमकी म्हण आहे, कुंपणच शेत खाते. राखणदारांवर राखण कोण ठेवणार, हा प्रश्न रोमन कवी जुव्हेनल याच्यापासून विचारला जातो आणि कॉमिकचे नावही तिथूनच आले. मूर आणि गिबन्स यांनी तो प्रश्न रंगीत कपड्यांतल्या नायकांना विचारला, इतकेच.

पान आणि पडदा यांत घोडे कुठे अडते?

अनेकांचा समज असा की कॉमिक म्हणजे चित्रपटाचा तयार आराखडाच. चौकटी आखलेल्या आहेत, संवाद लिहिलेले आहेत, कॅमेरा लावायचा तेवढा बाकी आहे. साध्या साहसकथेपुरते ते खरेही आहे. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने १९६४पासून मराठी घराघरांत पोहोचवलेला वेताळ घ्या. त्याच्या चौकटी एकामागून एक पाहत गेले की गोष्ट कळते.

‘वॉचमेन’ तसे वाचताच येत नाही. बहुतेक पाने नऊ समान चौकटींची, तीन गुणिले तीन. डोळा एका चौकटीवर असतो, पण बाकीच्या आठ चौकटी कडेने दिसतच असतात. पाचव्या भागाची रचना तर आरशासारखी आहे : पहिले पान शेवटच्या पानाशी जुळते, दुसरे उपांत्य पानाशी, आणि मधोमध समोरासमोरची दोन पाने एकमेकांचे प्रतिबिंब होतात. ज्या पात्राभोवती हा भाग फिरतो, त्या रोरशाखचा मुखवटा म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखाच पसरणारा शाईचा डाग. म्हणजे पानाची मांडणी हीच त्या माणसाची ओळख. ही गोष्ट वाचकाला कळते कशी? मागे जाऊन, पाने उलटून, पुन्हा पाहून. चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला यातले काहीच करता येत नाही. चित्र पुढे सरकते, त्याच्या मागोमाग त्यालाही सरकावे लागते.

हा फरक समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीने सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ उतरवला, अक्षरे आणि आकृत्या एकत्र गुंफून. अशा कापडावर वाचणारा स्वतः चालतो, थांबतो, मागे येतो. वेग त्याच्या हातात. याउलट सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी पाहा. तिथे निवेदक गात गात एकेक चित्र समोर धरतो, त्याला वाटेल तेव्हा ते खाली ठेवून पुढचे उचलतो. वेग सांगणाऱ्याच्या हातात. कॉमिक पासोडीच्या कुळातले, चित्रपट चित्रकथीच्या. दोन्हींत चित्रे आहेत म्हणून ते एकच आहेत असे मानले की रूपांतर फसायला सुरुवात होते.

चौथ्या भागात डॉ. मॅनहॅटन मंगळावर बसून आपले आयुष्य आठवतो. त्याला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसते. कॉमिकच्या पानावर हे अक्षरशः खरे असते, कारण १९५९ची चौकट आणि १९८५ची चौकट शेजारी शेजारी छापलेल्या असतात. वाचक त्या क्षणी मॅनहॅटनच्याच डोळ्यांनी काळ पाहतो. चित्रपटात हेच फ्लॅशबॅक होतात, आणि फ्लॅशबॅक म्हणजे शेवटी एकामागून एक येणारी दृश्येच.

याशिवाय कॉमिकच्या पहिल्या ११ भागांच्या शेवटी गद्य कागदपत्रे आहेत. जुन्या नायकाचे आत्मचरित्र, पोलिसांच्या नोंदी, वृत्तपत्रांची कात्रणे अशी. ती गोष्टीला पुराव्याची फाइल बनवतात. त्यांचे पडद्यावर काय करायचे?

मग वीस वर्षे गेली कुठे?

चित्रपटाचे हक्क १९८६मध्येच ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे गेले. मूर यांनी पटकथा लिहायला नकार दिला. सॅम हॅम यांनी ती लिहिली. पुढे टेरी गिलियम यांच्यासारखा दिग्दर्शक आला आणि दोन-अडीच तासांत या कथेचा जीवच उरत नाही असे मत देऊन बाजूला झाला. त्यांच्या मते हे पाच तासांच्या मालिकेचे काम होते. डेव्हिड हेटर, डॅरेन अॅरोनॉफ्स्की, पॉल ग्रीनग्रास अशी नावे येत-जात राहिली. शेवटी वॉर्नर ब्रदर्सने झॅक स्नायडर यांच्याकडे काम सोपवले. चित्रपट तयार होत असताना फॉक्सने हक्क आपलेच असल्याचा दावा २००८मध्ये केला, वर्षाअखेरीस न्यायालयाने तो बऱ्याच अंशी मान्य केला आणि जानेवारी २००९मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. मूर यांनी या सगळ्यातून स्वतःला इतके बाहेर काढले की श्रेयनामावलीत त्यांचे नावच नाही; कॉमिकचे सहसर्जक म्हणून एकट्या गिबन्स यांचे आहे.

स्नायडर यांना काय जमले, काय नाही?

६ मार्च २००९ रोजी आलेला चित्रपट १६२ मिनिटांचा होता. खर्च १३ कोटी डॉलरच्या आसपास. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत साडेपाच कोटी डॉलर मिळाले आणि दुसऱ्याच शनिवार-रविवारी कमाई दोन तृतीयांशांनी कोसळली. जगभरातून एकूण साडेअठरा कोटींच्या आसपास आले. एवढ्या खर्चिक चित्रपटाला हे पुरेसे नव्हते.

चित्रपट निष्काळजीपणे केलेला मात्र नाही, उलट स्नायडर यांनी अनेक चौकटी जशाच्या तशा उभ्या केल्या. रक्ताचा ओघळ कुठल्या कोनात, पोस्टर कुठल्या भिंतीवर, सगळे बरहुकूम. आणि हीच गोची आहे. चौकट जशीच्या तशी उचलली की तिच्या शेजारच्या आठ चौकटी मागे राहतात.

सर्वांत चांगला भाग आहे सुरुवातीच्या श्रेयनामावलीचा. जवळजवळ स्थिर वाटणाऱ्या, अगदी संथ हलणाऱ्या दृश्यांतून ४० वर्षांचा पर्यायी इतिहास काही मिनिटांत उलगडतो. हे कॉमिकमध्ये या रूपात नाही. म्हणजे जिथे दिग्दर्शकाने पुस्तक बाजूला ठेवून पुस्तकाच्या हेतूसाठी सिनेमाची स्वतःची युक्ती शोधली, तिथेच चित्रपट सर्वांत जास्त मूळ पुस्तकासारखा झाला. रूपांतरावर लिहिणाऱ्यांनी या पाच-सहा मिनिटांकडे नीट पाहायला हवे.

सर्वांत वाईट भाग मारामारीचा. कॉमिकमध्ये हिंसा बेढब आहे. मध्यमवयीन माणसे धापा टाकत मारतात आणि मारून झाल्यावर त्यांच्याकडे पाहवत नाही. चित्रपटात तीच माणसे घोटीव अंगाची, चकचकीत पोशाखातली आहेत, आणि हाड मोडताना चित्र संथ होते. संथ चित्र प्रेक्षकाला एकच गोष्ट सांगते : बघ, काय जबरदस्त आहे! म्हणजे पुस्तक ज्यावर संशय घ्यायला सांगते, पडदा त्यालाच टाळ्या मिळवून देतो. रोरशाखचे उदाहरण घ्या. मूर यांनी तो इशारा म्हणून लिहिला होता : कुणाचेही न ऐकता स्वतःच पोलीस, स्वतःच न्यायाधीश होणाऱ्या माणसाचे टोक. कॉमिकच्या काही वाचकांनाही तो आदर्श वाटला होता, पण चित्रपटाने ती संख्या कैक पटींनी वाढवली.

आणि शेवट. कॉमिकमध्ये न्यूयॉर्कवर एक कृत्रिम, परग्रहावरून आल्यासारखा भासणारा महाकाय प्राणी टाकला जातो. चित्रपटात त्याऐवजी जगातल्या अनेक शहरांत डॉ. मॅनहॅटनच्या शक्तीसारखे स्फोट होतात आणि दोष त्याच्यावर येतो. या बदलावर चाहत्यांनी भरपूर डोके आपटले. वास्तविक तो बदल हुशारीचा आहे. त्या प्राण्याची तयारी दाखवायला आणखी अर्धा तास लागला असता. खरे नुकसान दुसरीकडे झाले. कॉमिकमध्ये एका चौकातला वर्तमानपत्रवाला आहे. त्याच्या स्टॉलला टेकून फुकटात समुद्री चाच्यांचे कॉमिक वाचणारा एक मुलगा आहे. त्याच चौकात एक टॅक्सीचालक आहे, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि त्याची रुसलेली बायको आहे. यांच्यापैकी कुणाकडेही शक्ती नाही, मुखवटा नाही. भागामागून भाग वाचक त्यांच्यासोबत राहतो. मग शहर उद्ध्वस्त होते, आणि बाराव्या भागाच्या सुरुवातीला नऊ चौकटींची शिस्त मोडून सलग पूर्ण पानांची चित्रे येतात. पानभर प्रेते. त्यांत तो वर्तमानपत्रवालाही असतो.

चित्रपटगृहात आलेल्या आवृत्तीत ही चौकातली माणसे जवळपास नाहीत, आणि स्फोटानंतर प्रेतेही नाहीत. आहे तो स्वच्छ, निळसर, मोठा खड्डा. लाखो मेले असे पात्रे सांगतात आणि प्रेक्षक मान डोलावतो. ‘शांततेसाठी एवढी किंमत चालेल का?’ हा पुस्तकाचा मुख्य प्रश्न आहे. किंमत दिसलीच नाही तर हिशेब कसा करायचा?

मालिका केली तर सुटते का?

काही प्रमाणात. एचबीओने २०१९मध्ये डेमन लिंडेलॉफ यांच्याकडून नऊ भागांची मालिका करवून घेतली. तिने कॉमिकचे रूपांतर केलेच नाही; त्यानंतर ३४ वर्षांनी काय झाले ते सांगितले. सुरुवात अमेरिकेतल्या टल्सा शहरात १९२१ साली कृष्णवर्णीयांच्या झालेल्या, खऱ्याखुऱ्या कत्तलीपासून. पुढच्या वर्षी एमी पुरस्कारांत तिला २६ नामांकने आणि ११ पुरस्कार मिळाले. मालिकेतले पोलीस मुखवटे घालून कामावर येतात, कारण त्यांच्या घरांवर हल्ले झालेले असतात. कारण पटण्यासारखे आहे. पण मुखवट्यामागचा पोलीस कुणाला आणि का मारतो आहे हे विचारायची सोयही त्यामुळे संपते. मूळ कॉमिकचा प्रश्न नव्या जागी, तितकाच टोकदार.

२०२४मध्ये कॉमिकचे दोन भागांतले अॅनिमेशनही आले. मूळ चित्रांशी ते बरेच प्रामाणिक आहे. तरीही वेग पुन्हा निवेदकाच्याच हातात.

बीडच्या वाचकाला यात काय?

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून त्यांचा खून करण्यात आला. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्यानंतर जिल्ह्यात जी चर्चा सुरू झाली ती एका खुनापुरती राहिली नाही. बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने एकाच जिल्ह्यात कसे, हे विचारले गेले आणि अनेक परवाने रद्द झाले. कमरेला पिस्तूल लावून काढलेल्या रील्सवर गुन्हे दाखल झाले. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५च्या सुरुवातीला पोलिसांच्या टेबलांवरच्या आणि पुढे गणवेशावरच्या नावपट्ट्यांवरूनही आडनावे काढायला लावली. समोरच्याला पोलीस दिसावा, त्याची जात नव्हे, असा हेतू.

टल्साच्या काल्पनिक पोलिसांनी चेहरा झाकला आणि बीडच्या खऱ्या पोलिसांनी आडनाव. दोन्हींत काहीतरी लपवले जाते, पण दिशा उलट्या आहेत. मुखवटा माणसालाच नाहीसे करतो आणि त्याच्याबरोबर त्याची जबाबदारीही जाते. नावपट्टीवर पहिले नाव राहते, म्हणजे तक्रार कुणाविरुद्ध करायची ते कळते. मात्र आडनाव काढल्याने जात गावातल्या माणसाच्या मनातून निघते का, हा प्रश्न राहतोच. ज्या तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे पट्टी वाचायची गरजच कुणाला असते?

रील्सचा मुद्दा तर थेट सिनेमाच्या व्याकरणाचा आहे. गाड्यांचा ताफा, संथ केलेली चाल, मागे ढोल आणि डायलॉग, खाली ‘भाऊ’ किंवा ‘साहेब’ असा मजकूर. हे व्याकरण चित्रपटांनीच शिकवले. त्यात चालणारा माणूस कोण, त्याने काय केले, याने फरक पडत नाही; संथ गतीने चालणारा माणूस आपोआप नायक दिसतो. मार्च २०२५मध्ये देशमुख खून प्रकरणातली छायाचित्रे सार्वजनिक झाली तेव्हा राज्यभर संताप उसळला. ती छायाचित्रे आणि त्या रील्स, दोन्ही एकाच मोबाइलच्या पडद्यावर आल्या. हिंसा सजवून दाखवली की टाळी आणि न सजवता दाखवली की शहारा, हा फरक जिल्ह्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. ‘वॉचमेन’चे रूपांतर करणाऱ्या प्रत्येकापुढे हाच पेच आहे : नायकासारख्या दिसणाऱ्या माणसावर संशय निर्माण करायचा, आणि तोही ज्या माध्यमाचा हात नायक घडवण्यावरच बसलेला आहे अशा माध्यमातून.

आपल्याकडे कुणी हात घातला का?

कॉमिकमधून पडद्यावर यायला सर्वांत लायक देशी पात्र म्हणजे राज कॉमिक्सचा डोगा. गोष्ट मुंबईची. कचराकुंडीत सापडलेले पोर, त्याला वाढवणारा डाकू, मोठेपणी कुत्र्याचा मुखवटा आणि हातात बंदुका. डोगा गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करत बसत नाही, मारून टाकतो. अनुराग कश्यप यांनी यावर चित्रपट करायचे ठरवले होते, कुणाल कपूर यांचे नावही पुढे आले होते. तो झाला नाही. अशा चित्रपटाला पैसे लावणारा पहिला प्रश्न विचारणार : हा नायक की खलनायक? ‘दोन्ही’ या उत्तरावर कर्ज मिळत नाही.

विक्रमादित्य मोटवने यांचा ‘भावेश जोशी सुपरहिरो’ (२०१८) कॉमिकवर आधारित नव्हता, पण त्याच रक्ताचा होता. डोक्यावर कागदी पिशव्या घालून इंटरनेटवर व्हिडिओ टाकणारी मुंबईची पोरे पाण्याच्या माफियापर्यंत पोहोचतात. उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजणाऱ्या बीड जिल्ह्याला हा खलनायक समजावून सांगावा लागणार नाही. चित्रपटगृहात तो चालला नाही. मोबाइलवर आल्यावर त्याला चाहते मिळाले. हे लक्षात घेण्याजोगे आहे. शंका घेणारा नायक गर्दीत एकटा पडतो, आणि एकट्याने पाहणाऱ्याला तो आवडतो.

मराठीत २०१५मध्ये निखिल महाजन यांनी ‘बाजी’ केला. श्रेयस तळपदे मुखवट्यातला घोडेस्वार, समोर जितेंद्र जोशी. धाडस मोठे होते, पण बाजीवर संशय घ्यावा असे काही त्या कथेत नव्हते. कागदावरून पडद्यावर आलेला मराठी नायक म्हणाल तर भा. रा. भागवतांचा बनेश फेणे. आदित्य सरपोतदार यांच्या ‘फास्टर फेणे’ने (२०१७) शाळकरी पोराला वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसणारा तरुण केले (अमेय वाघ) आणि परीक्षेतल्या घोटाळ्याची नवीच गोष्ट रचली. काही जुने वाचक हळहळले असतील. पण चौकशी करायची फेणेची खोड, त्याची चपळाई आणि पुणे, एवढे धरून बाकीचे सोडून द्यायचा निर्णय योग्यच होता. स्नायडर यांना नेमके हेच सोडणे जमले नाही.

मराठीत एखाद्याला असे काम करायचेच असेल तर दृश्यपरिणामांचा खर्च ही पहिली अडचण नाही. ‘वॉचमेन’मध्ये उडणारा, चमकणारा माणूस एकच, बाकी सगळी माणसे घरात, गल्लीत, तुरुंगात बोलत बसलेली असतात. खरी गरज आहे ती चौकातल्या वर्तमानपत्रवाल्याला नायकाइतकाच वेळ देणाऱ्या लेखकाची, आणि तेवढा वेळ कापू न देणाऱ्या निर्मात्याची.

पाहायचे-वाचायचे असेल तर?

चित्रपटाच्या तीन आवृत्त्या आहेत. चित्रपटगृहातली १६२ मिनिटांची, दिग्दर्शकाची १८६ मिनिटांची, आणि समुद्री चाच्यांची उपकथा अॅनिमेशनने आत गुंफलेली २१५ मिनिटांची. चौकातली माणसे शेवटच्या आवृत्तीत थोडी अधिक दिसतात. हिंसा आणि लैंगिक दृश्ये भरपूर असल्याने मुलांसोबत पाहण्याजोगा हा चित्रपट नाही. मालिका पाहण्याआधी कॉमिक वाचलेले असावे, नाहीतर अर्धे संदर्भ हुकतात. कॉमिक मोबाइलवर वाचताना बहुतेक अॅप एकेक चौकट मोठी करून पुढे सरकवण्याची सोय देतात. ती बंद ठेवलेली बरी. अक्षर बारीक दिसेल, बोटांनी मोठे करून वाचावे लागेल. पण पान अख्खे दिसले पाहिजे, निदान पाचव्या भागात तरी.